बाबांच्या तळपायाची न दुखणारी जखम

रानजाई
२२ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार. इथे मधुमेहावर बरेच धागे आहेत, पण पायाच्या जखमेबद्दल नेमकं काही सापडलं नाही, म्हणून नवा काढते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ६६ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. १७ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. यंदा आळंदीहून पायी वारीला गेले, त्यांची नववी वारी. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आईला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, मोरीपासून देवघरापर्यंत. तिने बाबांना खुर्चीत बसवून पाय उचलून पाहिला, तर उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूला, रुपयाएवढं भोक. भोवती पांढरट जाड घट्टा. चप्पल उलटी केली तेव्हा समजलं, एक बारीक खिळा तळातून घुसून आतल्या बाजूला वर आला होता. त्यावर बाबा किती दिवस चालले कुणास ठाऊक. आजही विचारलं की म्हणतात, "दुखत नाही गं, उगीच घाबरू नकोस."

गावातल्या डॉक्टरांनी दहा दिवस अँटिबायोटिक आणि रोज ड्रेसिंग दिलं. बाबा ड्रेसिंगला चालतच जातात, जाऊन-येऊन दोन किलोमीटर. जखम होती तेवढीच आहे आणि आता थोडा वास येतो. काल शहरातल्या एका सर्जनना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं बघून सांगितलं की अंगठा काढावा लागेल, उशीर केला तर पाऊलही जाईल. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ती एचबीएवनसी, ९.४ आली आहे.

आई कालपासून जेवलेली नाही. मला दोनच गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. अंगठा काढण्याशिवाय मार्ग नाही का? आणि जी जखम दुखतच नाही ती इतकी गंभीर कशी?

कोयनाकाठ
२२ जुलै, रात्री ११:१५

वाचून फार वाईट वाटलं ताई. आमच्या आजीच्या टाचेला अशीच जखम होती. आम्ही रोज गरम पाण्यात मीठ घालून तिचे पाय बुडवून ठेवायचो आणि वर हळद-तूप लावायचो. घट्टा मऊ पडतो. अंगठा काढायची घाई करू नका.

शाल्मली
२३ जुलै, सकाळी ६:२०

रानजाई, मी सर्जन आहे, गेली ११ वर्षं मधुमेहींच्या पायांचंच काम करते. इथे बसून निदान करता येत नाही, पण काही गोष्टी आजच कळायला हव्यात.

आधी कोयनाकाठ यांच्यासाठी. तुम्ही आपुलकीने लिहिलंत हे कळतं, पण गरम पाणी अजिबात नको. ज्या पायाला खिळा कळला नाही त्याला पाणी किती गरम आहे हे कसं कळणार? माझ्याकडे दर हिवाळ्यात शेकायला ठेवलेल्या पायांना फोड आलेले रुग्ण येतात. चुलीजवळ, गरम पाण्याच्या पिशवीने, उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना भाजलेले. घरी कळतं ते दुसऱ्या दिवशी, साल निघाल्यावर.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बरीच वर्षं साखर चढी राहिली की नसा निकामी व्हायला लागतात, आणि सुरुवात होते सर्वांत लांबच्या नसांपासून, म्हणजे पायांपासून. संवेदना नेणाऱ्या नसा गेल्या की दुखणं, टोचणं, भाजणं कळत नाही. स्नायू हलवणाऱ्या नसा गेल्या की बोटं वाकडी होतात, नखं जमिनीत रुतवल्यासारखी दिसतात, आणि सगळा भार बोटांच्या बुडाशी येतो. घामाचं काम बघणाऱ्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. जिथे भार येतो तिथे घट्टा जमतो, आणि हा घट्टा चपलेतल्या खड्यासारखा वागतो, आतलं मांस दर पावलाला चेचत राहतो. खिळा निमित्त झाला. बाबांच्या पायाला तिथे घट्टा होता, म्हणजे ती जागा वारीच्या बरीच आधीपासून दबत होती.

तुमच्या-माझ्या पायाला फोड आला की आपण लंगडतो. लंगडणं हाच आपला उपचार असतो, त्या जागेवर भार पडत नाही आणि ती भरते. बाबा लंगडत नाहीत. म्हणून दहा दिवस औषध घेऊनही जखम तेवढीच राहिली. रोज दोन किलोमीटर चालत जाऊन केलेलं ड्रेसिंग म्हणजे सकाळी शिवलेलं संध्याकाळी उसवणं.

वास येतोय म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो. पावलावरची लाली वर सरकत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, कातडी काळी पडली असेल, साखर अचानक फार वाढली असेल, तर उद्याची वाट पाहू नका, आजच मोठ्या रुग्णालयात भरती करा. यातलं काही नसेल तर मला एवढं सांगा: पायाची नाडी कुणी तपासली का? एक्स-रे काढला का? जखमेत सळई घालून आतलं हाड लागतं का हे पाहिलं का? ही तीन उत्तरं आल्याशिवाय अंगठ्याचा निर्णय घेणं मला पटत नाही.

रानजाई
२३ जुलै, दुपारी १:०५

शाल्मलीताई, मनापासून आभार. ताप नाही, लाली जखमेभोवती बोटभरच आहे. तिन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच आहे. दोन्ही ठिकाणी कुणी नाडी पाहिली नाही, पायमोजाही मीच काढला होता.

तुमचं वाचून मी घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे बोटं ठेवून पाहिली. बराच वेळ काही लागेना, मग हलकीशी लागली. की माझीच नाडी होती, सांगता येत नाही.

आजपासून बाबांना स्कूटरवर मागे बसवून नेते आहे. घरात मात्र ऐकत नाहीत. दर तासाला उठून गोठ्यात जातात.

शाल्मली
२३ जुलै, दुपारी २:३०

स्वतःच्या बोटातली नाडी लागणं नेहमीचंच आहे, म्हणून आम्हीही डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने, खात्री करतो. जिथे पायाच्या रक्तवाहिन्यांचं आणि जखमांचं काम एकत्र होतं अशा ठिकाणी न्या. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागापासून सुरुवात केलीत तरी चालेल. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली असेल तर पायाला रक्त कमी पोहोचतंय. मग आधी रक्ताचा रस्ता मोकळा करण्याचा विचार, फुग्याने वाहिनी रुंद करून किंवा बायपासने, आणि कापाकापी नंतर. रक्त न पोहोचणाऱ्या पायाचा अंगठा काढला तर ती नवी जखमही भरत नाही. मग पाऊल, मग गुडघ्याखाली. हे मी फार वेळा पाहिलं आहे.

कधीकधी अंगठा काढावाच लागतो, हाड सडलं असेल किंवा तो काळा पडला असेल तर. सर्जन चुकीचंच सांगतायत असं मी म्हणत नाही. तपासून सांगा एवढंच म्हणते.

सुखटणकर_काका
२३ जुलै, रात्री ९:५०

मी डॉक्टर नाही. २७ वर्षं कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात चपला बनवल्या. हा धागा मुलीने वाचून दाखवला, म्हणून लिहितो.

रानजाई, तुझ्या बाबांची गोष्ट ही आमच्याकडच्या प्रत्येकाची गोष्ट आहे. लोकांना वाटायचं की कुष्ठरोगाने बोटं झडतात. वेल्लोरला १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांकडे नीट पाहिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रोग बोटं खात नाही. संवेदना गेलेली असते, माणूस तापलेलं भांडं उचलतो, कुलपात किल्ली पिळताना बोट चिरतो, पायात काटा घेऊन मैलभर चालतो. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडायचे आणि कळायचं नाही, म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर द्यायची पद्धत त्यांनी पाडली. मधुमेहींनाही उंदीर चावतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांनी पायावर पांघरूण घट्ट खोचून घ्यावं.

जखमेला प्लास्टर घालून चालतं करायचं, हा उपाय कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत रुळला. लोक हबकतात, उघड्या जखमेवर प्लास्टर? पण प्लास्टर पोटरीपर्यंत पायाला असं चिकटून बसतं की भार साऱ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. एका ठिपक्यावर येत नाही. डॉ. ब्रँड १९६० च्या दशकात अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथून हे तंत्र मधुमेहींच्या पायांसाठी पसरलं. कुष्ठरोग्यांच्या पायांकडून शिकलेलं आज साखरेच्या रुग्णाला मिळतंय, हे आमच्या लोकांनाही माहीत नसतं. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आता चपलेबद्दल, तेवढं मला नक्की कळतं. बधिर पायाच्या चपलेत खिळा नसावाच. आम्ही सगळं चिकटवून आणि शिवून करायचो. खालचा तळ कडक हवा, म्हणजे काटा-खिळा आरपार येत नाही. वर मायक्रोसेल्युलर रबर, आम्ही एमसीआर म्हणतो. अंगठ्याने दाबलं की दबलं पाहिजे आणि सोडलं की परत वर आलं पाहिजे. दबून तसंच राहिलं की रबर मेलं, बदलायचं. अंगठ्याची चप्पल नको. ती धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात, आणि बधिर बोटांमधून निसटली तरी समजत नाही. मागे टाचेला पट्टा हवा. नवीन जोड पहिल्या दिवशी तासभरच घालायचा, मग मोजा काढून पाय पाहायचा.

वातकुक्कुट
२४ जुलै, सकाळी ८:१०

काका, अंगावर काटा आला वाचताना.

माझाही एक प्रश्न, धाग्याशी थोडा जोडलेला. मला रात्री तळपायांची आग होते, पंखा पायांकडे लावून झोपतो. वय ५१, आठ वर्षं मेटफॉर्मिन घेतोय. हेही तेच का? आणि बायकोची टाच सकाळी पहिल्या पावलाला इतकी दुखते की भिंत धरते, तिला साखर नाही.

शाल्मली
२४ जुलै, रात्री ८:४५

तुमची आग नसांचीच असण्याची शक्यता बरीच आहे. मात्र बी१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी असाल तर आणखी. बी१२ ची कमतरता भरून काढता येते, साखरेमुळे गेलेली नस सहसा परत येत नाही. आगीसाठी प्रेगाबॅलिन, ड्युलॉक्सेटिनसारखी औषधं आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पण आग थांबली की पाय बरा झाला असं समजू नका. कधीकधी नस पूर्ण बधिर झाल्यामुळे आग थांबते. दहा ग्रॅमच्या भाराला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याची संवेदना तपासतात, दोन मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. ती वर्षातून एकदा प्रत्येक मधुमेहीची व्हायला हवी.

वहिनींचं वेगळं. पहिल्या पावलाला दुखणारी टाच बहुधा तळव्याच्या पडद्याची सूज असते. पोटरी आणि तळवा ताणायचे व्यायाम, घरातही मऊ चप्पल, ओट्यापाशी अनवाणी उभं राहणं बंद. बहुतेकांचं काही महिन्यांत, फार तर वर्षभरात बरं होतं. एक्स-रेवर हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, न दुखणाऱ्यांच्या टाचांतही ते सापडतं.

थेम्सकाठची_मराठी
२५ जुलै, पहाटे २:५५

मी लंडनजवळ राहते. इथे सरकारी आरोग्यसेवेत मधुमेहींचे पाय वर्षातून एकदा तपासतात, तोच नायलॉनचा धागा, नाडी, चपला. पायांसाठी वेगळे पोडियाट्रिस्ट असतात, घट्टा तेच खरवडतात. माझ्या आईला कोल्हापुरात १४ वर्षं मधुमेह आहे, आणि या जून महिन्यात मी गेले तोपर्यंत तिचे पाय कुणी उघडे करून पाहिले नव्हते. ती घरी ब्लेडने कुरूप कापत होती आणि वर दुकानातली कॉर्नची पट्टी. त्या पट्टीत आम्ल असतं, कातडी जाळतं. फोनवर सांगितलेलं ऐकत नाही. आता रोज व्हिडिओ कॉलवर ती पाय दाखवते, मगच मी फोन ठेवते.

चिंचबन
२५ जुलै, सकाळी ११:३०

रानजाई, वडिलांच्या पावलाला सूज आली तर विशेष जपा. माझ्या मोठ्या भावाचा डावा पाय एकदम सुजला, लाल, हाताला गरम. दुखणं नावालाच. एकाने मुरगळ सांगितली, दुसऱ्याने युरिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. अडीच महिने तो त्यावर शेतात चालत राहिला. पायाची कमान खाली कोसळली, तळवा नावेसारखा झाला. मग कळलं की बधिर पायाची हाडं-सांधे असे ढासळतात, याला शार्को म्हणतात. तेव्हाच प्लास्टर घातलं असतं तर पायाचा आकार राहिला असता. मी त्याचा धाकटा भाऊ, रोज त्याच्याबरोबर जेवत होतो, मला दिसत होतं. अजून मनातून जात नाही.

शाल्मली
२५ जुलै, रात्री ९:२०

चिंचबन, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. सुरुवातीच्या शार्कोत एक्स-रेसुद्धा साधा येतो, डॉक्टरांकडूनही निसटतं. बधिर पाय एका बाजूचा सुजला आणि दुसऱ्यापेक्षा दोन अंश सेल्सिअसने गरम लागला, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत शार्को समजून त्यावरचा भार काढायचा.

कुणीतरी मला खासगीत विचारलंय की सुजेसाठी घट्ट इलॅस्टिक मोजे घालू का. इथेच सांगते. फुगलेल्या शिरांच्या जखमेवर, जी बहुधा घोट्याच्या वर आतल्या बाजूला असते, दाबाची पट्टी हाच मुख्य उपचार आहे. पण पायाला रक्त कमी पोहोचत असेल तर तीच पट्टी पाय घालवते. म्हणून आधी डॉप्लर, मग मोजे.

रानजाई
१० ऑगस्ट, रात्री ११:००

उशीर झाला, माफ करा. बरंच घडलं.

२६ ला वैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने जमिनीवर बसून बाबांचे दोन्ही पाय मांडीवर घेतले. नायलॉनचा धागा डाव्या टाचेशिवाय कुठेच कळला नाही. बाबा डोळे मिटून "लावा की" म्हणत होते आणि ती तर लावत होती. बाबांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला.

घोट्याचं गुणोत्तर १.४२ आलं. मला वाटलं जास्त म्हणजे चांगलं. तर नाही, मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम जमून त्या कडक होतात, दाबल्या जात नाहीत, आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून पायाच्या दुसऱ्या बोटातला रक्तदाब पाहिला, तो ६८ आला. जखम भरण्यापुरतं रक्त आहे म्हणाले. सळई हाडाला लागली नाही, एक्स-रे स्वच्छ. अंगठा काढायचा नाही असं ठरलं!

घट्टा आणि मेलेलं मांस कापून काढलं, तेव्हा रुपयाएवढी दिसणारी जखम आतून दुप्पट निघाली. भरती करून आठवडाभर शिरेतून अँटिबायोटिक, इन्सुलिन सुरू. लाली-वास गेल्यावर ४ ऑगस्टला काकांनी सांगितलेलं तेच प्लास्टर. पहिलं तिसऱ्या दिवशी बदललं, आता दर आठवड्याला. काढता येणारा बूट का नाही विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, लोक बाहेर घालतात आणि घरात काढून ठेवतात. बाबांच्या गोठ्याच्या फेऱ्या आठवल्या, मी पुढे काही विचारलं नाही.

बाबा चिडलेत. "पंढरपूरला चालत गेलेला माणूस आता संडासला विचारून जाणार का?" म्हणाले. आईने उत्तर दिलं नाही, फक्त गोठ्याची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.

कोयनाकाठ
१० ऑगस्ट, रात्री ११:४०

बरं वाटलं ताई. आणि शाल्मलीताई, तुमचं बरोबर होतं. आजीची टाच भरली नव्हती, पुढे पाय काढावा लागला होता. मी लहान होतो, घरात सगळे म्हणायचे जखम विषारी होती. तुमचं वाचल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, पाणी कडकडीत असायचं.

रानजाई
२४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१५

जखम भरली. दसऱ्याच्या आधीच कातडी जुळली होती, पण पुढे दोन आठवडे प्लास्टर ठेवूनच पाहिलं. नऊ प्लास्टरं झाली. शेवटचं काढलं तेव्हा पोटरी अगदी बारीक झालेली, आणि अंगठ्याखाली गुलाबी, पातळ कातडीचा ठिपका. एचबीएवनसी ७.६.

डॉक्टरांनी बजावलंय, भरलेली जखम दहांतल्या चौघांना वर्षभरात पुन्हा होते. म्हणून आता रोज रात्री जेवणानंतर बाबा पाय माझ्या मोबाइलच्या उजेडात धरतात. पाहणं आईचं काम, बोटांच्या बेचक्यांसकट, कारण पावसाळ्यात तिथे चिखल्या असतात. तळव्याला खोबरेल, बेचक्यांत नाही. मोजे पांढरे, म्हणजे डाग लगेच दिसतो. दिवाळीत अभ्यंगाचं पाणी आईने कोपर बुडवून पाहिलं आणि मगच बाबांच्या पायावर ओतलं.

बाबांचा एकच प्रश्न आहे, तो इथे विचार म्हणाले. पुढच्या वर्षी वारी?

शाल्मली
२४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

खूप आनंद झाला! बाबांना सांगा, उत्तर आत्ता देणार नाही. सहा महिने ती कातडी नव्या पादत्राणात टिकू दे. टिकली तर वाटेतले काही टप्पे चालायचे, उरलेले गाडीने, आणि प्रत्येक विसाव्याला मोजे काढून कुणीतरी दुसऱ्याने पाय पाहायचे. अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही, चंद्रभागेच्या वाळवंटातही नाही. घट्टा दिसला की आम्हाला दाखवायचा, घरी ब्लेड लावायचं नाही.

सुखटणकर_काका
२५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

चप्पल मी करून देतो. हात थरथरतात, पण शिवण अजून सरळ येते. बाबांना कागदावर उभं करून दोन्ही पायांची कड पेन्सिलने काढ. पेन्सिल उभी धर, तिरकी धरलीस की माप चुकतं. संध्याकाळी काढ, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो.

रानजाई
२५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

काका, कड काढली. फोटो खासगी निरोपात पाठवला आहे, मूळ कागद उद्या टपालाने टाकते. उजव्या पायावर अंगठ्याच्या बुडाशी जो गोल दिसतोय तो बाबांनी स्वतः काढलाय. म्हणाले, इथे रबर जरा खोलगट ठेवा म्हणून सांग.